दुपारी बाराची पौर्णिमा

लाल काचेतून मी मांडवीचा समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि दचकून काच खाली घेतली. भर दुपार होती, वाळूवर पाय ठरत नव्हता. काचेत मात्र आभाळ विझल्यासारखं झालं होतं, पाणी काळवंडलं होतं, आणि लाटांचे काठ तेवढे उजळ राहिले होते.

"घाबरला व्हय मास्तर?" कॅमेरामन हसला. "ही नुसती डोळ्याची गंमत. फिल्मवर बघशिला तर रात्र पडल्याली दिसंल."

मी बी.एस्सी. आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते लागणार आहे आणि सांगायला मला आवडतंही. आमच्या वाडीत माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. बापूस मचव्यावर खलाशांचा तांडेल होता, तो मी लहान असतानाच समुद्रात गेला. आयेनं सुंभ वळून आणि थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, आगबोटीवर खलाशी होऊन मला मुंबईत कॉलेजात ठेवलं. परत येऊन मी रत्नागिरीच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवायला लागलो. वाडीतल्या लोकांना बी.एस्सी. म्हणजे काय ते कळत नसे, पण मी वाटेनं निघालो की पारावरचे म्हातारे विडी खाली धरत. मला ते बरं वाटे. खोटं कशाला बोलू?

ही गोष्ट बोलपट नवे होते तेव्हाची. दिवाळी होऊन गेल्यावर कोल्हापूरकडची एक कंपनी रत्नागिरीला आली. त्यांच्या खेळात दर्यावर्दी लोकांची कथा होती, आणि त्यात नारळी पौर्णिमेच्या रात्री बायका किनाऱ्यावर उभ्या राहून गलबतांना निरोप देतात असा प्रसंग होता. खरी रात्र चालणार नव्हती. एवढा समुद्र उजळील असला दिवा कोणाकडे होता? तेव्हा दुपारच्या उन्हातच रात्र करायची होती. कॅमेरामन अंधाऱ्या खोलीच्या शोधात शाळेत आला आणि मी त्याला प्रयोगशाळेमागची खोली उघडून दिली. तिथून आमची ओळख.

त्याच्याकडे मखमलीचं अस्तर लावलेली एक पेटी होती. पेटीत पितळी कड्यांच्या काचा. फिकी पिवळी, गडद पिवळी, हिरवी, नारिंगी, लाल. यांना ते लोक फिल्टर म्हणत. भिंगापुढे यातली एक काच चढवायची, म्हणजे ती हव्या त्या रंगाला आत सोडते आणि बाकीच्यांना अडवते. आम्ही एकेक काच लावून त्याच समुद्राचे, त्याच आभाळाचे तुकडे घेतले आणि शाळेत धुऊन पाहिले. बिनकाचेचं आभाळ कोऱ्या कागदासारखं आलं होतं. फिक्या पिवळ्या काचेनं त्यात ढग उमटले. नारिंगीनं कातरवेळ झाली. आणि लालनं खरोखर रात्र पडली होती. पाण्यावर ऊन चमकत होतं त्याचं चांदणं झालं होतं. मी तो तुकडा हातात धरून बराच वेळ बसलो. कॉलेजात मी प्रिझम पाहिलं होतं, भिंतीवर पडलेले सात रंग पाहिले होते. पण शिकलेलं खरंच घडतं, याचा असा धक्का तोवर बसला नव्हता.

"लालच," मी म्हणालो.

"पण ही काच उजेड लई खाती."

"मग उजेड आठपट धरा."

"पुस्तकातला उजेड निराळा आन् वाळूवरचा निराळा, मास्तर. मी सहापट धरनार."

"मग चांदणं कसलं, अमावास्या होईल!"

अशी आमची भांडणं. शेवटी तो सातावर आला. काच लालच ठरली आणि ती बरोबरच ठरली. आजही कोणी विचारलं तर मी तीच काच सांगीन. आम्ही आभाळासाठी काच निवडत होतो. चाचणीच्या तुकड्यांत समुद्र होता, एक नांगरलेला पडाव होता, माड होते. माणूस एकही नव्हता.

आता घरचं सांगतो.

दादा बोटीवर जाऊन तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं आणि निम्म्याहून अधिक काळ त्याची काही खबर नव्हती. मुंबईला बोटीच्या कंपनीत मी दोनदा जाऊन आलो. 'एडनला आजारी म्हणून उतरवला' यापलीकडे कोणी काही सांगेना. वाडीत असल्या गोष्टीचा अर्थ एकच लावतात. समुद्रावर गेलेल्या माणसाचं प्रेत दिसत नाही, तेव्हा तो गेला हे कोणीतरी ठरवावं लागतं. आमच्याकडे ते म्हाताऱ्या बायका ठरवतात. तोंडानं कोणी बोलत नाही. फक्त हळदीकुंकवाचं बोलावणं शेजारच्या घरापर्यंत येतं आणि आपलं दार सोडून पुढे जातं.

वहिनीच्या दारावरून ते असं दोनदा पुढे गेलं होतं.

वहिनी माझ्याहून वर्ष-दीड वर्षानं लहानच. कमी बोलायची, पण बोलली की सरळ. बोलावणं पुढे गेलं त्या दिवसापासून तिनं कुंकू मोठं लावायला सुरुवात केली. आधी चवलीएवढं लावायची, ते आठ आण्यांच्या अधेलीएवढं झालं. आये तिच्याकडे बघायची आणि नजर वळवायची. आये स्वतः विधवा. एकदा ती मला विहिरीवर म्हणाली, "माझं पुसलं तेव्हा सात बायका आल्या होत्या. हिचं पुसायला आल्या तर मी काय सांगू रे? तू शिकलेला. तू सांग." बी.एस्सी.त ते नव्हतं.

कंपनीनं वाडीतल्या बायका हव्यात म्हणून निरोप धाडला. सवाष्णीच हव्या होत्या, ताटात नारळ घेऊन उभ्या राहायला. आमच्यात थोरली काकी म्हणून एक बाई होती, तिच्या शब्दाबाहेर वाडीतली एकही बाई नसे. तिनं नावं सांगितली आणि वहिनीचं गाळलं. वहिनी आपण होऊन निघाली. लग्नात आलेलं लाल लुगडं नेसली, ताट घेतलं आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागली.

"अगो, तुझं काय ते ठरूं दे तरी आधी," काकी मागून म्हणाली.

वहिनी थांबली. "कोण ठरवणार, काकी? तुम्ही?"

"सवाष्णी हव्यात म्हणालान तो."

"मग चला. उशीर करताय तो तुम्हीच."

किनाऱ्यावर गर्दी. एक म्हातारा ओरडला, "मार्गशीर्षात नारळी पौर्णिमा, तीही दुपारी बारा वाजता! दर्या घाबरून आटेल, मेल्यांनो!" बायका हसल्या. कॅमेरामननं सगळ्यांना रांगेत उभं केलं. उन्हानं सगळ्यांचे डोळे मिटत होते, एकटी वहिनी टक्क उघड्या डोळ्यांनी समुद्राकडे बघत होती. त्यानं तिला ओढून पुढे घेतलं, नटीच्या शेजारी.

"ह्या बाईला पुढं. चांदन्यात डोळं बारीक करनारी बाई मी कशी दाखवू?"

पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लावला. नटीला घाम येत होता आणि तिचं कुंकू ओघळू नये म्हणून रंगवाल्यानं कुंकवाच्या जागी काळा रंग लावला होता. ते पाहून बायकांनी तोंडाला पदर लावले. काळं कुंकू म्हणजे काय अवलक्षण! वहिनीचं मात्र खरं होतं, पिंजर लावलेलं, लालभडक. मी कॅमेऱ्याशेजारी उभा होतो. कपाळ बघून मला बरं वाटलं. म्हटलं, आता सगळी मुंबई बघेल. मग काकी काय करील?

कंपनी गेली. दादाची खबर नव्हतीच. चैत्रातलं बोलावणंही आमच्या दारावरून पुढे गेलं.

वैशाखात, शाळेला सुट्टी लागलेली असताना, दादा आला.

मी ओसरीवर वाचत बसलो होतो. वहिनी अंगणात आमसुलं वाळत घालत होती, हात कोपरापर्यंत लाल. आये परडीतून सोलं काढून देत होती. बेड्यातून, म्हणजे आमच्या कुंपणाच्या दारातून, एक माणूस आत आला आणि उभा राहिला. दाढी वाढलेली, डावा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला. आये त्याच्याकडे पाहत राहिली. मी उठलो तो पुस्तक खाली पडलं.

त्यानं आमच्या दोघांकडे पाहिलंच नाही. तो वहिनीच्या कपाळाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं तसं मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. भूत आपल्याला दिसतं म्हणतात. इथे भुतालाच भूत दिसलं होतं.

वहिनी उठली. हात पुढे केले, मग लाल आहेत म्हणून मागे घेतले.

"हे कुंकू," दादा म्हणाला, "कोणाच्या नावाचं?"

आयेनं सोलांची परडी त्याच्या अंगावर फेकली.

"मेल्या! दीड वर्षानं येऊन हे विचारतोस? त्या पोरीनं तुझ्या नावानं वाडीशी वैर घेतलंन, आणि..." ती खाली बसली आणि जमिनीवर हात आपटायला लागली.

दादा एक पाऊल पुढे आला. "मी पाहिलंय," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पांढरं लुगडं नेसून उभी होती. कपाळ मोकळं. मला मेलेला धरलात तुम्ही. आणि आता लाल आहे. म्हणजे पाट लावलात तिचा. कोणाशी लावलात? सांग!" हे शेवटचं माझ्याकडे बघून.

आमच्या जातीत विधवेचा पाट म्हणजे दुसरं लग्न लागतं, धाकट्या दिराशीही लागतं. तेव्हा तो मला काय विचारत होता ते कळायला मला शिक्षण लागलं नाही. माझे कान तापले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं.

"कुठे पाहिलंस? कधी? ती या गावाबाहेर गेलेली नाही!"

"मुंबईत. सिनेमात."

मला आधी काहीच उमजेना. मग तो बोलत गेला, तुटक तुटक. रत्नागिरीचा समुद्र दाखवलाय म्हणून गोदीतले लोक चालले होते, त्यांच्याबरोबर गेलो. रात्रीचा देखावा होता. चांदणं पडलेलं. नटीच्या कपाळावर कुंकू होतं, ठसठशीत. तिच्या शेजारी ही. हिच्या कपाळावर काही नव्हतं. लोक समुद्र बघत होते. मी उठलो, लोक ओरडले खाली बस म्हणून.

त्या सगळ्या काचा, तो सगळा हिशेब एकदम डोळ्यांपुढे आला. जुन्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, लाल तेवढं काळं उमटे, म्हणून कॅमेरामनची सगळी हयात कुंकवाची काळजी न करता गेली होती. ही नवी फिल्म लाल बघणारी. त्यात पुढे लाल काच. लाल काच लाल रंगाला पूर्ण आत सोडते, म्हणजे पडद्यावर तो पांढरा होतो. कपाळ उजळ, कुंकूही तितकंच उजळ, मग कुंकू उरलं कुठे? लुगडं लाल, ते पांढरं झालं. मागच्या बायकांची हिरवी लुगडी काळोखात मिसळून गेली. नटीचा काळा रंग तेवढा काळा राहिला. आम्ही आभाळाची रात्र केली आणि माझ्या वहिनीला सगळ्या मुलखासमोर विधवा केलं. पुढे पावसाळा संपल्यावर तो खेळ तंबूत रत्नागिरीला आला, तेव्हा मी स्वतः पाहिलं. काळ्या समुद्रापुढे ती एकटी पांढरी उभी होती.

त्या वेळी मी धावत शाळेत गेलो, शिपायाकडून किल्ली घेतली आणि प्रयोगशाळेतली लाल काच घेऊन आलो. दादाच्या डोळ्यांपुढे धरली. "बघ. बघ तिच्याकडे." त्यानं पाहिलं. काच बाजूला केली, परत धरली. परत केली. मग आयेनं त्याच्या हातातून ओढून घेतली आणि सुनेकडे बघितलंन.

"गेलं गो बाई!" ती किंचाळली. काच तिच्या हातून पडायची राहिली. "हे तू शिकलास कॉलेजात? सवाष्णीचं कुंकू पुसायला?"

"आये, काचेचा गुण आहे तो. कुंकू जागच्या जागी आहे."

"मग असली काच करतात कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. ते अंगणात देण्यासारखं नव्हतं.

वहिनीनं काच मागितली नाही. ती दादाच्या सोग्यात गुंडाळलेल्या हाताकडे पाहत होती.

"मुंबईत कधीपासून आहात?" तिनं विचारलं.

तेवढा एकच प्रश्न आम्हां दोघांना सुचला नव्हता.

दादा खाली बसला. हात सोडवून दाखवला. दोन बोटं नव्हती आणि तिसरं वाकडं झालेलं. बोटीवरच्या दोरखंडात हात सापडला होता, म्हणून एडनला उतरवलं. तिथे बरा होऊन दुसऱ्या बोटीनं मुंबईला आला, त्याला दहाएक महिने झाले होते. वाडीतल्या माणसांच्या खोलीवर गेला नाही, गोदीतच एका गुदामाच्या राखणीला राहिला. "असला हात घेऊन कुठल्या तोंडानं येणार होतो? कोण बोटीवर घेणार मला? म्हटलं थोडं जमलं की..."

"दहा महिने," आये म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "पोरा, मुंबईत होतास? इथून हाकेवर?"

वहिनीनं पायाशी सांडलेली सोलं गोळा करायला घेतली. गोळा करता करताच, मान वर न करता, म्हणाली, "कपाळावर होतं तेव्हा नाही आलात. पडद्यावर पुसलं तेव्हा आलात."

त्या बाईचा आवाज चढला नव्हता. तिनं परडी भरली, ती आयेच्या हातात दिली आणि त्याच्या आंघोळीचं पाणी तापवायला आत गेली.

वाडीत दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. थोरली काकी सगळ्यांच्या पुढे. "मी म्हणतच होते," ती दादाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हिचं कुंकू बळकट." काय म्हणत होती ते आम्हांला चांगलं ठाऊक होतं. लाल काच पाहायलाही बायका आल्या. एकमेकींकडे बघून किंचाळायच्या, पदरात तोंड खुपसून हसायच्या, आणि घरी जाऊन देवापुढे साखर ठेवायच्या.

वहिनी दादाला वेळेवर जेवण देई, हाताला तेल चोळून देई. बोलत नसे असंही नाही. "मीठ कमी आहे का?" "पाणी तापलंय." एवढंच. दादा जास्त काही विचारायला धजत नव्हता. आये दोघांच्या मध्ये बसून सुंभ वळायची.

ज्येष्ठात वटपौर्णिमा आली. सकाळीच काकी पाच-सात बायका घेऊन दारात हजर. या खेपेस बोलावणं पुढे गेलं नव्हतं, आमच्याच दारापासून सुरू झालं होतं. सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, हातांत फणसाचे गरे, आंबे, सूत.

"चल गो," काकी म्हणाली. "यंदा पहिला फेरा तुझा. सात जन्म हाच घोव माग."

वहिनी उंबऱ्यात आली. कपाळावर कुंकू होतं, तेच अधेलीएवढं.

"सातांचं मागाहून बघू, काकी," ती म्हणाली. "आधी हा एक निस्तरते."

एका बाईच्या हातातला आंबा खाली पडला, तो उचलायलाही कोणी वाकलं नाही. दादा ओसरीवरच बसला होता. त्यानं मान खाली घातली.

"अगो, उपास तरी?" काकी कशीबशी म्हणाली.

"उपास दीड वर्ष केला."

त्या बायका वडाला गेल्या. मागे वळून वळून बघत होत्या. वहिनी आत गेली आणि चुलीवर भात चढवलान. दुपारी तिनं दादाचं ताट मांडलं, माझं मांडलं, आणि दादाच्या शेजारी तिसरं ताट मांडून स्वतः बसली. नवऱ्याबरोबर पंगतीला बसलेली बाई आमच्या घरात कोणी पाहिली नव्हती, तीही वटपौर्णिमेला. पहिला घास तिनंच घेतलान. मी एवढा शिकलेला माणूस, पण माझा हात ताटातच राहिला. दादानं तिच्याकडे पाहिलं, मग वाकड्या बोटानं भात कालवायला लागला.

आये चुलीपाशी होती. तिनं हे सगळं पाहिलं. मी वाट बघत होतो की आता ओरडेल, निदान देवाला हात जोडेल. ती पाट ओढून वहिनीच्या पलीकडे बसली.

"मलाही वाढ गो," ती म्हणाली.